जमिनीवर ठेवलेले दोन कप

"तुमचं सरकार आमची फी भरणार, राहायला खोली देणार, वर हातखर्चही देणार, मग बदल्यात तुम्हाला आमच्याकडून हवंय तरी काय?"

प्रश्न विचारला तहानीने, पण तो मुळात तिचा नव्हताच. लमा आणि बतूल या तिच्या मैत्रिणींनी शाळेच्या सभागृहात, मागच्या रांगेत बसून तो शिजवला आणि पैजेसकट तिच्या गळ्यात घातला. विचारलास तर कुनाफ्याची मिठाई आम्ही खाऊ घालू, कच खाल्लीस तर तू. समोरच्या पडद्यावर हंगेरीहून बोलणारी बाई परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या सरकारने ठेवलेल्या शिष्यवृत्तीची माहिती देत होती, मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत मान डोलवत होत्या, आणि तहानी उभी राहिली. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली जाऊन लपायचा, ती खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली. मुख्याध्यापिकांची मान डोलायची थांबली. पडद्यावरची बाई मात्र मनापासून हसली. म्हणाली, "आमचा हिवाळा सोसा, आणि घरी गेल्यावर आमच्याबद्दल खरं काय ते सांगा. पुष्कळ झालं."

कुनाफा भलताच गोड लागला. पण एवढा आगाऊ प्रश्न विचारणाऱ्या मुलीने निदान अर्ज तरी केला पाहिजे, असं मग मैत्रिणींनीच ठरवलं. तहानीने केला. मुलाखत झाली, शाळेची शेवटची परीक्षा झाली, आणि या आठवड्यात कळलं की निवडही झाली. डॅन्यूब नदीच्या काठचं गाव, पाण्याच्या इंजिनिअरिंगचा अभ्यास, फी हंगेरीच्या सरकारची. येते की नाही ते रविवारपर्यंत कळवायचं.

आज शुक्रवार होता, आणि बाबा अजून 'इन्शाल्ला'च्या पुढे सरकले नव्हते.

बाबांचा इन्शाल्ला ऐकून ओळखावा लागतो. तो पटकन आला तर काम झालं. जमिनीकडे बघत आला तर विषय सोडून द्यायचा. आणि छताकडे बघत, लांबवून आला, तर त्याचा अर्थ एकच: थोरल्या भावाला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. या वेळचा छताकडे बघत आला होता. म्हणूनच आज करकहून फलाहकाका येणार होते, आणि ते येणार हे कळल्यावर मादाबाहून नौफाआत्या न बोलावता येणार होती.

गेल्या शरदात ऑलिव्हच्या बागेची वाटणी झाल्यापासून ही दोघं भावंडं एका छताखाली बसली नव्हती.

"दोघं एकाच ताटात जेवणार?" तहानीने स्वयंपाकघरात आईला विचारलं.

"जेवतील. जमीदपुढे कोणाचा राग टिकतो?" आई, म्हणजे इन्साफ, पातेल्यातल्या आंबट रश्शात डाव फिरवत म्हणाली. जमीद, म्हणजे रश्शात घालायचं घट्ट दही, तिने स्वतः गच्चीवर वाळवलेलं होतं. अख्ख्या मुताह गावात असं पांढरंशुभ्र जमीद कोणाचं होत नाही, असं ती म्हणायची नाही, पण दुसऱ्या कोणी म्हटलं तर अडवायचीही नाही.

"आई, तू माझ्या बाजूने बोलशील ना?"

"आधी ते बदाम तळून घे."

तहानीने हे 'हो' धरलं. मुलाखतीच्या दिवशी तिच्या ओढणीला इस्त्री कोणी केली होती? आईने. मग झालं तर.

जेवण छान झालं. मोठ्या परातीतला मनसफ, खाली भात, त्यावर मटण आणि वर तो रस्सा, पाहता पाहता खाली गेला, आणि फलाहकाकांनी आपल्या हाताने सगळ्यात मऊ तुकडा बहिणीपुढे सरकवला. आत्याने तो खाल्ला. थँक्यू वगैरे काही नाही, पण खाल्ला. तहानीला वाटलं, आजचा दिवस आपला.

मग सगळे बैठकीत गेले आणि फलाहकाकांनी घसा साफ केला. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण घसा अजून परेडवरच होता.

"ऐकलं मी. मुलगी हुशार आहे, अल्ला तिला नजरेपासून वाचवो. पण नाएल, मला एक सांग. ज्याचं अन्न खायचं, त्याला आपण कधीतरी वाढलेलं असावं लागतं की नाही?"

"बरोबर आहे, दादा," बाबा म्हणाले.

"मग या हंगेरीवाल्यांना आपल्यापैकी कोणी कधी मनसफ वाढलाय?"

"वाढायला ते आले तरी कधी?" नौफाआत्या म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. ओळख ना पाळख. आणि पाहुणचार असतो तीन दिवसांचा. तीन दिवस कोणी काही विचारत नाही. चौथ्या दिवशी पाहुण्याला कामाचं विचारतात. आणि ही चार वर्षं राहणार."

"काका, मी पाहुणी म्हणून नाही, विद्यार्थिनी म्हणून जातेय," तहानी दाराजवळून म्हणाली. "माझ्यासारखे कितीतरी देशांचे येतात तिथे. मी विचारलंय त्यांना, बदल्यात काय हवं म्हणून."

काकांनी भुवया वर केल्या. "तू विचारलंस? तोंडावर?"

"सगळ्या शाळेसमोर."

"आणि काय म्हणाले?"

"हिवाळा सोसा म्हणाले."

काकांना हे आवडलेलं दिसलं, पण त्यांनी ते मिशीत दडवलं. "शिक ना तू. शिकू नको कोण म्हणतंय? तुझ्या बापाने वीस वर्षं सैन्यात ट्रक हाकलाय. सैनिकांच्या मुलांची फी आपलंही सरकार भरतं. आणि विद्यापीठ कुठे आहे? गच्चीत उभी राहिलीस तर दिसतं. अख्ख्या जगातून पोरं मुताहला शिकायला येतात, तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावर मलेशियाच्या मुली राहतात, आणि मुताहची मुलगी निघाली हंगेरीला. घरात चूल पेटलेली असताना शेजारी विस्तव मागायला जायचं?"

"इथे पाण्याचा विषय तसा नाही शिकवत, काका."

"पाणी! तिथे केवढी मोठी नदी आहे. आपल्याकडे आठवड्यातून एकदा नळ येतो. नदीवाल्यांकडून शिकून इथे करणार काय?"

"ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच शिकतात ना? तहानलेल्याकडून काय शिकणार?"

आत्या खुदकन हसली. "फलाह, लागला का टोला?"

बाबा उठले. कोणी लागट बोललं की बाबा कॉफी करतात. पितळी किटलीतून त्यांनी बिनकानाच्या छोट्या कपात कडू कॉफी ओतली आणि उजव्या हाताने थोरल्या भावापुढे केली. फलाहकाकांनी कप घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवून दिला.

आत्याचं हसू तिथेच थांबलं.

ज्याची कॉफी जमिनीवर, त्याची मागणी यजमानाच्या मानेवर. हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. रक्ताची भांडणं या एका कपावर मिटलीत, लग्नं याच्यावर जुळलीत. यजमानाने 'घ्या कॉफी, तुमचं काम झालं' म्हणेपर्यंत पाहुणा कपाला हात लावत नाही, आणि ज्याच्या घरून पाहुणा कॉफी न पिता उठला त्याने गावात तोंड कसं दाखवायचं?

"दादा, घरातल्या घरात कसलं हे," बाबा कसनुसं हसत म्हणाले.

"ही कॉफी मी पिणार नाही, नाएल. मुलगी मुताहला शिकेल, एवढं म्हण."

तहानीने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. हे चिन्ह वाईट. आता 'घ्या' म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

"मला नाही का कॉफी?" नौफाआत्याने हात पुढे केला.

बाबांनी बिचाऱ्यांनी ओतली. आत्याने कप घेतला, वास घेतला, "वेलची छान पडलीय" म्हणाली, आणि शांतपणे आपल्यासमोर जमिनीवर ठेवला.

"मीही सासरहून आलेली पाहुणीच आहे," ती म्हणाली. "ही कॉफी मी पिणार नाही, नाएल. मुलगी हंगेरीला जाईल, एवढं म्हण."

"नौफा, बायका कॉफी ठेवत नाहीत," फलाहकाका म्हणाले.

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. नसतातच ठेवत."

"आता ठेवली ना. आता ठेवतात."

बाबा किटली हातात घेऊन मधोमध उभे. डावीकडे एक कप, उजवीकडे एक कप. या बाजूला मान्य करावं तर ती बाजू कॉफी न पिता उठणार, त्या बाजूला करावं तर ही. आजवर एका यजमानापुढे एकमेकांविरुद्ध दोन कप कोणी ठेवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. या घराण्यात मात्र सगळंच पहिल्यांदा घडायचं.

"थंड होतेय," काका म्हणाले.

"माझीही," आत्या म्हणाली.

पहिल्या क्षणी तहानी आत्यावर जीव ओवाळून टाकायला निघाली होती. दुसऱ्या क्षणी तिने आत्याचा चेहरा नीट पाहिला. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. ती भावाकडे बघत होती, हनुवटी वर करून, डोळे बारीक करून. हा चेहरा तहानीने गेल्या शरदात पाहिला होता. विहिरीजवळची झाडं कोणाची, यावरून दोघं अशीच समोरासमोर बसली होती. आणि झाडांना कोणी काही विचारलं नव्हतं.

'मी ऑलिव्हची बाग झालेय,' तहानीच्या मनात आलं, आणि ती पाय आपटत स्वयंपाकघरात गेली.

तिथे आई चहासाठी मरामियाची पानं निवडत होती आणि ओट्याशी टेकून वरच्या मजल्यावरची इज्जती बदाम खात होती. इज्जती मलेशियाची. तिची फी तिकडचं सरकार भरायचं, आणि तिचं पोट तहानीची आई. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा ती पुस्तकात शिकलेलं अरबी बोलायची. अजूनही तेच बोलायची, त्यामुळे तिने मीठ मागितलं तरी शुक्रवारचं प्रवचन सुरू झाल्यासारखं वाटायचं.

"हे भगिनी," इज्जती म्हणाली, "तुझ्या मुद्रेवर क्रोध दिसतो आहे."

"दोघांनीही कॉफी खाली ठेवलीय. आई, तू चल ना आत. तू बोललीस तर काका ऐकतील."

आई पानं निवडतच राहिली. "मी काय बोलू?"

"की मी जावं म्हणून."

"आणि मला तसं वाटत नसेल तर?"

तहानीला आधी वाटलं, आई गंमत करतेय. आईने मान वर केली तेव्हा कळलं, नाही.

"ओढणीला इस्त्री तू केलीस," ती कशीबशी म्हणाली.

"चुरगळलेली ओढणी घालून माझी मुलगी जगासमोर बसणार होती का? ती वेगळी गोष्ट." आईने इज्जतीकडे हनुवटीने खूण केली. "ही पहिल्या हिवाळ्यात तापाने फणफणली होती. तीन रात्री हिच्या उशाशी मी होते. झोपेत आईला हाका मारायची, तिच्या भाषेत. भाषा मला कळत नाही, पण आईला मारलेली हाक कळते. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. तुला तिथे ताप आला तर उशाशी कोण?"

"मी नाही आजारी पडणार."

"बघ, हेच," आई म्हणाली. "पडणार नाही, रडणार नाही, सगळं जमेल, सगळं येतं. आठवडाभर तू घरात नाचतेयस. मला भीती नदीची नाही, थंडीची नाही. तुला कशाचीच भीती वाटत नाही, त्याचीच मला भीती वाटते. ज्याला घर सोडताना काहीच होत नाही, तो परत कशाला येईल?"

आठवडाभर ज्या उत्तरांची तहानीने आरशासमोर तालीम केली होती, त्यात हा प्रश्नच आला नव्हता.

इज्जतीने तोंडातला बदाम गिळला. "आदरणीय मावशी, मला दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी."

"बोल बाई."

"मी निघाले तेव्हा माझ्या मातेनेही हाच प्रश्न विचारला होता. मुताहला तुझ्या उशाशी कोण? मी म्हणाले, ठाऊक नाही. ती पुष्कळ रडली." इज्जती थांबली, आणि पहिल्यांदाच तिचं व्याकरण जरा डगमगलं. "तेव्हा तिला कुठे माहीत होतं, तुम्ही आहात म्हणून."

आईने पानांचा वाडगा खाली ठेवला. नुसती ओढणीने हात पुसत राहिली, ते कोरडे होते तरी.

तेवढ्यात किटलीसकट बाबाच स्वयंपाकघरात आले. पाहुणे बैठकीत असताना बाबा कधी इकडे फिरकत नाहीत.

"कॉफी संपली म्हणून उठलो," ते हळूच म्हणाले.

"भरलेली आहे की," आईने किटली हलवून पाहिली.

"मग काय सांगून उठू? इन्साफ, मी काय करू? दादाला नाही म्हणू की ताईला? दादाने मला वाढवलं. ताई आत्ता कुठे घरी यायला लागली."

बाबांचा चेहरा पाहून तहानीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मोठमोठे ट्रक वाळवंटातून काढणारा माणूस दोन छोट्या कपांमध्ये अडकला होता.

"बाबा, कोणी तुमच्याकडे येऊन कॉफी खाली ठेवली आणि शेजारच्या अबू मिस्लेहची घोडी मागितली, तर तुम्ही द्याल?"

"वेडी का तू? अबू मिस्लेहची घोडी मी कशी देईन? जे आपलं नाही त्याचा शब्द देता येत नाही. तशी मागणीच चुकीची."

"मग?"

"मग काय?"

"मग माझी चार वर्षं तुमची कशी?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तू माझी नाहीस?" ते म्हणाले. आवाज दुखावलेला होता, पण पुरता नाही.

"मी तुमचीच आहे. कोणी कॉफीवर माझा हात मागायला आलं असतं, तरी तुम्ही मला विचारलं असतंत ना? मौलवींनीसुद्धा विचारलं असतं. मग या दोघांनी अजून मला विचारलेलंच नाही."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने इज्जतीकडे पाहिलं. इज्जतीने वर पाहिलं आणि म्हणाली, "युक्तिवाद सबळ आहे."

बाबा किटली घेऊन परत गेले, आणि या वेळी त्यांच्या मागे तहानी, आई आणि मूठभर बदाम घेतलेली इज्जतीही गेली. बैठकीत दोघं भावंडं आपापल्या कपाची राखण करत बसली होती.

"दादा, ताई," बाबा म्हणाले. उभ्यानेच, आणि छताकडे न बघता. "दोघंही कॉफी घ्या. तुमच्या मागणीचा मान राखला असता, पण जे मागताय ते माझ्याकडे नाही. ते हिच्याकडे आहे. ही जे ठरवेल त्याच्यामागे मी उभा राहीन. यापेक्षा मोठा शब्द माझ्याकडे नाही."

फलाहकाकांनी बराच वेळ मिशी चोळली. आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाने त्यांना उभ्याने काहीतरी सांगितलं होतं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"अबू मिस्लेहच्या घोडीने," बाबा म्हणाले.

काकांना काही कळलं नाही, पण बाबा हसायला लागले, मग आत्या, आणि आत्या हसली की काकांना जुन्या सवयीने हसू यायचंच. त्यांनी कप उचलला. आत्याने तो ओठाला लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग आपला उचलला. थंडगार कडू कॉफी पिऊन दोघांनी सारखंच तोंड वाकडं केलं, इतकं सारखं, की ती एकाच आईची लेकरं आहेत याला वेगळा पुरावा नको.

"चला," आत्या म्हणाली, "आता तूच सांग, पोरी. आणि मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. मी याला जिंकू द्यायचं नाही म्हणून कप ठेवला होता."

"मला माहीत होतं," फलाहकाका म्हणाले.

"तुला काही माहीत नव्हतं."

"ए, तिला बोलू द्या," आई म्हणाली.

आणि सगळे तहानीकडे बघायला लागले.

गंमत अशी, की एवढा वेळ प्रत्येकाशी वाद घालायचा होता तोवर तिला सगळं येत होतं. आता समोर अडवणारं कोणी उरलं नव्हतं. दार सताड उघडं, आणि पलीकडे चार वर्षं. तिथे नळाला रोज पाणी येणार, आणि त्या पाण्याच्या आवाजाने तिला झोप यायची नाही. तिथे तापात ती 'आई' म्हणून हाक मारील आणि ती कोणाला कळणार नाही, किंवा कळेल, कोण जाणे. मुताह विद्यापीठाचे दिवे गच्चीवरून दिसतात. तिथून रात्री चालत घरी येता येतं. 'मुताह' असं नुसतं म्हटलं, तर आत्ता या खोलीत सगळे सुटकेचा श्वास टाकतील, आत्यासुद्धा. आणि मागच्या रांगेत कुनाफ्याचं आमिष दाखवणारं या वेळी कोणी नव्हतं.

ती काकांसमोरून आणि आत्यासमोरून पुढे गेली आणि आईबाबा उभे होते तिथे जाऊन उभी राहिली. आवाज निघाला तो गेल्या वर्षीचा, बाकाखालचा.

"आई, बाबा, मी हंगेरीला जाणार आहे. रविवारची वाट बघत नाही, आजच कळवते. आणि मला भीती वाटतेय, आई. खूप वाटतेय. आठवडाभर वाटतेय, म्हणूनच नाचत होते. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रडत फोन करीन. तेव्हा 'परत ये' म्हणू नका, मी खरंच येईन. नुसतं 'रड' म्हणा, आणि माझं रडून होईपर्यंत फोन ठेवू नका."